साथीला लिनक्स

नांदेडला साथीदारांची वाण आहे, असं कुणी म्हणणार नाही. सचखंड हुजूर साहिबात रागी जथ्यांचं कीर्तन पेटी-तबल्यावर रंगतं. गोदाकाठच्या मंदिरांत हरिपाठाला पखवाज आणि टाळ असतात. लग्नसराईत ऑर्केस्ट्रावाल्यांचे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड गावोगाव फिरतात. लातूरकडे वळलं तर औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन आहेच. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो याच मुलखात, देवगिरीच्या यादव दरबारी. अलीकडचं सांगायचं तर पं. नाथराव नेरळकरांसारखा गवई नांदेडच्याच अण्णासाहेब गुंजकरांच्या हाताखाली घडला.

पण ही सगळी साथ मैफलीची, उत्सवाची. रियाजाचं तसं नसतं. पहाटे उठून विलंबित एकतालात बडा ख्याल घोटणाऱ्या विद्यार्थ्याला रोज तबलजी कुठून मिळणार? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा इथली शेकडो मुलं देतात. प्रारंभिक आणि प्रवेशिकेपर्यंत हाताने टाळी-खाली धरून भागतं. मध्यमा, विशारदला तसं भागत नाही. तिथे ठेक्यावर बसून गाता यावं लागतं आणि समेवर येणं अंगात मुरावं लागतं. लोहा, अहमदपूर, चाकूर या नांदेड-लातूर रस्त्यावरच्या गावांत एखादे गुरुजी आणि एक पेटी असते, तबलजी जमेल तेव्हा येतो. बाकीचे दिवस ठेका धरतो तो वर्गातला संगणक.

‘साथसंगत’ हा यंदाच्या अंकाचा विषय. हा लेख त्या कोपऱ्यातल्या साथीदाराचा आहे, आणि त्याच्यावर सध्या आलेल्या वेळेचा.

डब्यातला तानपुरा, सीडीतला तबला

या साथीदाराची सुरुवात संगणकाच्या आधी झाली. बंगळूरचे राज नारायण हे स्वतः बासरीवादक आणि अभियंता. त्यांच्या रडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी, तानपुरा आणि पुढे ‘तालमाला’ नावाचा इलेक्ट्रॉनिक तबला बाजारात आणला. डब्याला दोन-तीन बटणं असायची, एकाने स्वर लावायचा, एकाने लय, एकाने आवाज. मराठवाड्यातल्या गायन वर्गांत हे डबे अजूनही दिसतात आणि बहुतेक चालूही असतात.

संगणक आले तसे हे डबे पडद्यावर गेले. स्वर सिस्टीम्स या स्विस कंपनीचं ‘स्वरशाला’ आलं, त्यात तबला, तानपुरा, लेहरा सगळं एका ठिकाणी. सुगम आणि ऑर्केस्ट्राच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. कॅनडातल्या पीजी म्युझिकचं ‘बँड-इन-अ-बॉक्स’ १९९० पासून आहे. कॉर्डची नावं टाइप केली की पियानो, बास, ड्रम आपोआप वाजायला लागतात. ‘वन मॅन बँड’ हा प्रोग्राम यामाहा कीबोर्डच्या स्टाइल फायली संगणकावर वाजवतो. कराओकेवाल्यांकडे ‘वॅनबास्को’ असायचाच. मिडी फाईल उघडा, पट्टी खाली-वर करा, लय कमी-जास्त करा आणि गा.

साथीचं वाद्य कोणतं चालेल यावर आपल्याकडे मोठे वाद झाले आहेत. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. संगणकाच्या तबल्यावर मात्र असा वाद कुणी घातला नाही. गरज इतकी उघड होती की तो वर्गात आला आणि रुळला.

हे प्रोग्राम मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेले. काही मॅकवरही चालतात. लिनक्ससाठी म्हणून बनवलेलं यात जवळपास काही नाही.

चौदा ऑक्टोबर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार संपवला. त्या आधी विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला संपला होता. आधार संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येईनाशा होतात. मग इंटरनेटला जोडलेलं, दहा मुलांचे पेन ड्राइव्ह लागणारं मशीन धोक्याचं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. गायन वर्गातल्या दहा-बारा वर्षांच्या संगणकात यातलं काही नसतं.

आता गुरुजींनी काय करावं? विद्यार्थ्याची महिन्याची फी काही शे रुपये. त्यातून भाडं, वीजबिल आणि पेटीचं ट्यूनिंग भागवायचं असतं. नवा संगणक हा त्यांच्यासाठी वर्षभराचा प्रश्न होतो. बहुतेक जण जुन्या विंडोजवरच ढकलत राहतात आणि कित्येकदा ती विंडोजही कुणीतरी ‘टाकून दिलेली’, विनापरवाना असते. पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरतो, फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात, आणि कुणीतरी वर्षानुवर्षं जमवलेले ठेके एका दुपारी नाहीसे होतात.

दुरुस्तीच्या दुकानांत यावर आता एक वेगळा उपाय सुचवला जातो. त्याच मशीनवर लिनक्स टाका आणि जुना प्रोग्राम वाईनमधून चालवा. उपाय फुकट आहे आणि कायदेशीरही. चालतो का, हे मात्र कानाने तपासून घ्यावं लागतं.

दुभाषी

वाईन म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतलं की पुढच्या अडचणी आपोआप कळतात. विंडोजचा प्रोग्राम स्वतः काहीच वाजवत नाही. तो विंडोजला सांगतो, ‘हा आवाज स्पीकरला पाठव’, ‘एक मिलिसेकंदाने मला उठव’, ‘ही खिडकी काढ’. वाईन हा त्या बोलण्याचा दुभाषी आहे. प्रोग्रामची मागणी ऐकायची, ती लिनक्सला समजेल अशी सांगायची आणि उत्तर परत पोचवायचं. विंडोजची नक्कल त्यात नाही आणि मायक्रोसॉफ्टचा कोडही नाही. सगळं बाहेरून पाहून नव्याने लिहिलेलं आहे.

हे काम १९९३ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी अलेक्झांद्र ज्युलियार यांनी सूत्रं हाती घेतली आणि ती आजही त्यांच्याकडेच आहेत. पहिली पूर्ण आवृत्ती, वाईन १.०, जून २००८ मध्ये आली. पंधरा वर्षं! एवढा चिवटपणा सॉफ्टवेअरच्या जगात फार दिसत नाही. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने वाईनवर आधारलेला ‘प्रोटॉन’ काढला आणि कामाला मोठं बळ मिळालं. गेम खेळणाऱ्यांसाठी झालेल्या सुधारणांचा फायदा आता तबल्यालाही होतो.

जुन्या प्रोग्रामांच्या बाबतीत वाईन कधीकधी विंडोजच्याही पुढे जातं. विंडोज ३.१ च्या काळातले सोळा-बिटी प्रोग्राम आजच्या ६४-बिटी विंडोजवर उघडतच नाहीत. वाईनमध्ये ते बरेचदा उघडतात. ज्यांच्याकडे नव्वदीतल्या सीडी जपून ठेवलेल्या आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘धा’च्या जागी बोंगो

नांदेडसारख्या शहरातल्या गायन वर्गाची खोली डोळ्यांपुढे आणा. सतरंजी, भिंतीला टेकवलेले तानपुरे, खिडकीत पेटी, आणि टेबलावर ड्युअल कोर प्रोसेसरचं, चार जीबी रॅमचं मशीन. त्यावर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती बसते. वाईन सॉफ्टवेअर मॅनेजरमधून येतं. मग जुन्या सीडीवरच्या सेटअप फाईलवर दोनदा क्लिक करायचं. विंडोजमध्ये दिसायची तशीच खिडकी उघडते, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ होतं, डेस्कटॉपवर चिन्ह येतं. प्रोग्राम उघडतो. प्ले दाबलं की मात्रा मोजणारी पट्टी सरकायला लागते आणि आवाज येत नाही.

इथे बहुतेक लोक हार मानतात, आणि ते चूक आहे.

संगणकाची साथ दोन जातींची असते. पहिल्या जातीत तबल्याचे खरे, ध्वनिमुद्रित आवाज प्रोग्रामच्या पोटातच असतात. असे प्रोग्राम वाईनमध्ये सहसा सरळ वाजतात. दुसरी जात मिडीची. तिच्यात आवाज नसतो, फक्त सूचना असतात: अमुक वेळी, अमुक स्वर, अमुक जोराने. विंडोजमध्ये या सूचना वाजवणारा एक छोटा सिंथेसायझर आधीपासून बसवलेला असतो. लिनक्सवर तसा कुणी आपणहून सूचना घ्यायला बसलेला नसतो, म्हणून शांतता. ‘फ्लुइडसिंथ’ नावाचा मोफत सिंथेसायझर चालू करायचा, त्याला आवाजांचा संच, म्हणजे साउंडफाँट, द्यायचा आणि प्रोग्रामच्या मिडीच्या यादीत फ्लुइडसिंथ निवडायचा. आता आवाज येतो.

आवाज येतो, पण तबल्याचा नव्हे. १९९१ मध्ये ठरलेल्या ‘जनरल मिडी’ यादीत १२८ वाद्यं आहेत. त्यात सतार १०५ व्या क्रमांकावर आहे आणि शहनाई ११२ व्या. तबला नाहीच. तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखून ठेवलेली आहे, पण तिथे ड्रमसेट, बोंगो, कोंगा आणि काउबेल बसलेले. त्यामुळे तबल्यासाठी लिहिलेला ठेका साध्या साउंडफाँटवर वाजवला की ‘धा’च्या जागी बोंगो आणि ‘ना’च्या जागी घंटा ऐकू येते. विद्यार्थ्याला वाटतं लिनक्स बिघडलं. खरं तर तबल्याचा साउंडफाँट द्यायचा राहिलेला असतो. प्रोग्रामसोबत एसएफ२ प्रकारची फाईल आली असेल तर ती फ्लुइडसिंथला द्यायची, की ठेका जागेवर येतो.

यानंतर पट्टी तपासायची, आणि ही पायरी कुणी गाळू नये. ध्वनिमुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं असेल आणि कुठल्याशा सेटिंगमुळे ते ४८,००० च्या वेगाने वाजलं, तर स्वर जवळपास दीड पट्टी चढतो. काळी एकची साथ लावावी आणि ती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी ऐकू यावी, असं होतं. आजकालच्या लिनक्समध्ये हे रूपांतर आपोआप नीट होतं, तरी ट्यूनरला लावून किंवा पेटीचा षड्ज धरून एकदा पाहावं.

पेटीशी ताडतानाही गंधारावर विसंबू नये. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) असतो आणि तानपुऱ्यात आपोआप बोलणारा गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा हा फरक शिकलेल्या कानाला खुपतो. चांगल्या तानपुरा-प्रोग्राममध्ये स्वर सेंटांनी हलवता येतो. ही सोय पेटीत नाही, आणि वाईनमध्ये ती जशीच्या तशी शाबूत राहते.

उशीर कुठे चालतो

लिनक्सवर आवाज ‘लेट’ येतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे.

संगणक आवाजाचे छोटे घास करून पुढे पाठवतो. १०२४ नमुन्यांचा घास ४८,००० च्या वेगाला सुमारे २१ मिलिसेकंदांचा होतो. वाईन, मग लिनक्सचा ध्वनिसर्व्हर, मग साउंडकार्ड असे थर साठत गेले की एकूण उशीर साठ-सत्तर मिलिसेकंदांवर जाऊ शकतो. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे उशीर मात्रेच्या चौथ्या हिश्शाएवढा झाला.

ऐकायला हे भयंकर वाटतं. पण गाणारा ठेका ऐकूनच गातो. ठेका संगणकातून निघाला कधी याच्याशी त्याला देणंघेणं नाही, कानावर आला कधी एवढंच त्याच्या दृष्टीने खरं. सगळ्या मात्रा सारख्याच उशिराने येत असतील तर त्या एकमेकींपासून बरोबर अंतरावरच असतात. म्हणून गायनाच्या रियाजाला, तबल्याच्या विद्यार्थ्याला लागणाऱ्या लेहऱ्याला आणि कराओकेला वाईन पुरतं.

अडतं ते कीबोर्ड जोडून वाजवताना. बोट पट्टीवर पडल्यावर साठ मिलिसेकंदांनी स्वर येत असेल तर वाजवणाऱ्याचा हात बिचकतो. यावरही मार्ग आहे. ‘वाईनएसिओ’ हा जोड बसवून प्रोग्राम थेट जॅक किंवा पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेला जोडता येतो आणि घास १२८ नमुन्यांपर्यंत, म्हणजे तीनेक मिलिसेकंदांपर्यंत आणता येतो. आवाज हवेतून तीन मिलिसेकंदांत एक मीटर जातो, तेव्हा हा घास शेजारी बसलेल्या पेटीवाल्याच्या अंतराएवढा झाला. मात्र ड्युअल कोरवर ही कसरत पेलत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

उशिरापेक्षा वाईट म्हणजे तुटणं. घास वेळेत भरला नाही की ‘टक्’ असा आवाज होतो आणि ठेका क्षणभर अडखळतो. विलंबित एकतालात मिनिटाला चौदा-पंधरा मात्रांची लय धरली तर एक आवर्तन पाऊण मिनिटाहून लांब जातं. मुखड्याला येताना नेमकं तिथे ‘टक्’ झालं की सगळी बांधणी कोसळते. उपाय साधा आहे. रियाजाला घास मोठा ठेवा, ब्राउझर बंद करा, अपडेट रात्री होऊ द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ६.१२ पासून रिअल-टाइमची सोय मुख्य कर्नलमध्येच आहे. वीसेक वर्षं ती वेगळी जोडावी लागत होती.

जिथे वाईन थांबतं

काही प्रोग्राम परवान्यासाठी यूएसबी डोंगल मागतात. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतो आणि तिथे वाईनचा हात पोचत नाही. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर असूनही ते लिनक्सवर उघडत नाही, याचा राग येणं रास्त आहे. अशा वेळी कुणीतरी कुलूप तोडलेली प्रत पुढे करतं. ती घेऊ नये. कायद्याचा भाग आहेच, शिवाय अशा प्रतींतूनच वर्गातल्या मशीनमध्ये कीड शिरते. आधी कंपनीला लिहावं. बऱ्याच छोट्या कंपन्या डोंगलऐवजी क्रमांक देतात. खरेदी करण्याआधी चाचणी आवृत्ती वाईनमध्ये वाजवून पाहावी, हे तर ठरवूनच टाकावं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवण्याचा सल्लाही मिळतो. चार जीबी रॅमच्या मशीनवर तो निरुपयोगी आहे, आणि विंडोजचा परवाना तिथेही लागतोच.

लिनक्सचं स्वतःचं

वाईनशी झुंजण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. जे हवं आहे ते लिनक्सवर मुळातच आहे का?

कॉर्डवर साथ हवी असेल तर ‘जेजॅझलॅब’ मोफत आहे, खुलं आहे आणि यामाहाच्या स्टाइल फायली वाचतं. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या मुलांकडे भजन-भावगीतांच्या स्टाइल पेन ड्राइव्हवर असतात, त्यांनी हे आधी वापरून पाहावं. बॉब व्हॅन डर पोएल यांचं ‘एमएमए’ही आहे, फक्त त्याला कॉर्ड साध्या मजकुरात लिहून द्यावे लागतात. तबल्याच्या रचनांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ‘बोल प्रोसेसर’ आहे. बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लखनौ घराण्याच्या कायद्यांसाठी तो ॲपल संगणकावर तयार केला. आज तो खुल्या परवान्यात लिनक्सवरही मिळतो. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो हे संगणकाला शिकवण्याचा तो प्रयत्न होता, आणि आपल्याकडच्या संगीत विभागांत त्याची ओळख करून द्यायलाच हवी.

सगळ्यात कामाचं आहे ते ‘हायड्रोजन’. हे मुळात ड्रमसाठीचं, पण त्यात आवाज आपले भरता येतात. तबलजींना एका दुपारी बसवून ना, ती, धी, धा, के, गे असे बोल वेगवेगळे ध्वनिमुद्रित करायचे, एकेक बोल एकेका ओळीत टाकायचा आणि चौकटींत ठेका मांडायचा. चौकटींची संख्या आपल्या हातात असते. दहा मात्रा ठेवून धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना असा झपताल मांडला की तो हव्या त्या लयीत, हवा तितका वेळ वाजतो. सातचा रूपकही तसाच बसतो. आवाजही आपल्याच गावच्या तबल्याचा, आपल्याच गुरुजींच्या हाताचा.

ध्वनिमुद्रण इथेच व्हावं

नांदेड-लातूरमधल्या गायन वर्गांसाठी निवाडा असा: रेकॉर्डेड आवाजांचा तबला-तानपुरा, लेहरा आणि कराओके यांसाठी जुनं मशीन, लिनक्स आणि वाईन हा पर्याय चालतो आणि तो निवडावा. कीबोर्ड जोडून वाजवणाऱ्यांनी जरा ताकदीचं मशीन घ्यावं. डोंगलवाल्यांनी कंपनीशी बोलूनच पाऊल टाकावं.

पण यातलं कोणतंही सॉफ्टवेअर उद्या पुन्हा बंद पडू शकतं. कायम टिकतं ते ध्वनिमुद्रण, आणि तेही खुल्या स्वरूपात असलं तर. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल नांदेडला आहे, विद्यापीठाचं उपकेंद्र लातूरला आहे. दोन्हीकडे कलाकार आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांनी पुढाकार घेऊन प्रचलित तालांचे ठेके तीन लयींत, नेहमीच्या रागांचे लेहरे आणि काळी एकपासून काळी पाचपर्यंतचे तानपुरे ध्वनिमुद्रित करावेत. ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात, साध्या वेव्ह फायलींत सर्वांना द्यावेत. चक्रीभजनाचे आणि हरिपाठाचे ठेकेही त्यात असावेत, कारण ते कोणत्याही परदेशी कंपनीच्या यादीत नाहीत. वादकांना मानधन मिळावं आणि प्रत्येक फाईलवर त्यांचं नाव असावं.

तोवर गुरुजींनी आणि विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एवढं करावं: जुनं मशीन पुसण्याआधी प्रोग्रामची मूळ सेटअप फाईल, परवान्याचा क्रमांक आणि स्वतः जमवलेले सगळे ठेके दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवावेत, आणि त्यातला एक वर्गाबाहेर ठेवावा.